टेकडी दोघांची, धाप एकट्याची

पुण्याच्या वेताळ टेकडीवर एक छोटी, सोपी फेरी आहे. एआरएआयच्या बाजूने किंवा पाषाणच्या पंचवटीतून वर चढायचे, गिरिपुष्पाच्या झाडीतून सपाटीवर यायचे, जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्याच्या बाजूने वळसा घालायचा, वेताळाच्या देवळापाशी थोडे टेकायचे आणि आल्या वाटेने उतरायचे. सगळे मिळून तासाभराचे काम. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, पण खालचे शहरच साडेपाचशे मीटरच्या पुढे असल्याने प्रत्यक्ष चढ बेताचाच. साठीतली माणसेही तो रोज चढतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात पट्टा असतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा.

ही फेरी माणसाला किती मानवते, याबद्दल फारसा वाद नाही. स्वीडनमध्ये ४० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी १२ वर्षे पाहिल्या गेल्या. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्या माणसांपैकी ज्यांच्या घरी कुत्रा होता, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी आढळला. कुत्र्यामुळे आयुष्य वाढते असा याचा सरळ अर्थ होत नाही, कारण मुळात धडधाकट माणसेच कुत्रा पाळण्याची शक्यता जास्त असते. पण इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये झालेल्या एका पाहणीत कुत्रा असलेली माणसे आठवड्याला १५० मिनिटांच्या व्यायामाचे उद्दिष्ट इतरांपेक्षा सुमारे चौपट प्रमाणात गाठताना दिसली. ते सहज पटण्यासारखे आहे. पाऊस असो, कंटाळा असो, दाराशी उभे राहून शेपटी हलवणाऱ्याला नाही म्हणणे अवघड असते.

प्रश्न त्या दुसऱ्या टोकाचा आहे. फेरीची वेळ, वेग, लांबी आणि विसावा हे सगळे माणूस आपल्या पायांवरून आणि आपल्या घामावरून ठरवतो. कुत्र्याचे शरीर वेगळ्या पद्धतीने चालते, आणि मालक पुढे जातो आहे तोवर बहुतेक कुत्रे थांबत नाहीत. दमले तरी मागे येतात. टेकडीवर आणि पाण्याच्या काठावर कुत्र्यांचे जे हाल होतात, त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून होतात.

आधी उष्णतेचे पाहू. माणूस चढ चढताना अंगभर घाम येतो, तो वाळतो आणि त्वचा थंड होते. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी आहेत त्या मुख्यतः पंजाच्या गाद्यांवर, आणि शरीर थंड करायला त्यांचा उपयोग नगण्य. त्याचे खरे साधन म्हणजे धाप. आरामात असताना मिनिटाला १५ ते ३० श्वास घेणारा कुत्रा धापा टाकू लागला की हा आकडा ३०० च्या आसपास जातो. हवा नाकातून आत जाते आणि बरीचशी तोंडातून बाहेर पडते. वाटेत नाकातल्या, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. नाकातला हा ओलावा पुरवणारी एक खास ग्रंथी कुत्र्याच्या नाकपुड्यांच्या बाजूला असते. आपल्या घामाच्या ग्रंथी करतात तेच काम ती करते. सेकंदाला पाच श्वास म्हणजे केवढी मेहनत, असे वाटेल. पण हा वेग छातीच्या पिंजऱ्याच्या नैसर्गिक लयीशी जुळणारा असतो. झोपाळा त्याच्या लयीत ढकलला की कमी जोर लागतो, तसेच इथेही. त्यामुळे धाप कुत्र्याला वाटते तितकी महाग पडत नाही.

ही व्यवस्था उत्तम आहे, पण तिला दोन मर्यादा आहेत. हवा दमट असेल तर वाफ नीट होत नाही. आणि नाकाची वाटच आखूड असेल तर वाफ व्हायला जागाच पुरत नाही. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे नेमके हेच होते. बसल्या जागी घोरणाऱ्या पगला मेच्या सकाळी आठ वाजता टेकडी चढवणे म्हणजे माणसाला स्वेटर घालून, नाकावर रुमाल बांधून पळायला लावण्यासारखे आहे. लठ्ठ कुत्रे, म्हातारे कुत्रे आणि दाट केसांचे हस्कीसारखे थंड मुलखातले कुत्रे यांचीही गत फार वेगळी नाही.

उष्माघात म्हटले की बंद गाडीत राहिलेला कुत्रा डोळ्यांपुढे येतो. ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातील नोंदी तपासून २०२० मध्ये निघालेल्या निष्कर्षांनी हा समज मोडला. उष्णतेच्या त्रासाच्या जवळपास तीन चतुर्थांश घटना चालण्या-पळण्याच्या श्रमातून आलेल्या होत्या, आणि साधारण सातातला एक कुत्रा दगावला होता. हे ब्रिटनसारख्या थंड देशातले. आपल्याकडे मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात ऊन साडेआठलाच चटका देऊ लागते आणि टेकडीवरचा उघडा काळा कातळ त्याहून आधी तापतो. बूट घातलेल्या माणसाला ते कळतही नाही. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद कातळावर टेकवून पाहावी. हात उचलावासा वाटला तर त्या वाटेने कुत्र्याला नेऊ नये.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या दृष्टीने अंगात तापच. ते १०६ च्या आसपास गेले की आतड्याचे अस्तर, मूत्रपिंडे, रक्त गोठण्याची यंत्रणा आणि मेंदू यांना इजा होऊ लागते. बाहेरून दिसणारी लक्षणे आधी येतात. जीभ रुंद होऊन लांब लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, लाळ चिकट होते, कुत्रा सावली दिसली की तिथे बसकण मारतो. बसलेल्या कुत्र्याला ‘चल, थोडेच राहिले’ म्हणून ओढण्याची चूक इथे होते. चाल अडखळू लागली, उलटी झाली किंवा हाक मारल्यावर नजर वळेनाशी झाली, तर वेळ फार थोडा उरलेला असतो.

अशा वेळी उचलून पळत गाडीकडे जावेसे वाटते. आताचा सल्ला आधी थंड करा, मग न्या, असा आहे. सावलीत ठेवून जवळचे सगळे पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, मानेवर ओतावे आणि टोपीने, वर्तमानपत्राने वारा घालावा. पाणी बर्फाचेच हवे असे नाही, कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असले की पुरते. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये. तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. आणि कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, कारण मूत्रपिंडाचे आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनी डोके वर काढतात. या सगळ्यासाठी पाणी लागते, आणि टेकडीवर नळ नसतो. माणसाच्या बाटलीखेरीज कुत्र्याच्या नावाची वेगळी लिटरभराची बाटली पिशवीत हवी ती म्हणूनच.

धाप आणि नाक यांचा आणखी एक संबंध आहे. हुंगायचे तर कुत्र्याला तोंड मिटून छोटे छोटे श्वास नाकात ओढावे लागतात. धापा टाकताना ते जमत नाही. म्हणजे फेरीच्या सुरुवातीला दर दगडाशी थांबणारा कुत्रा एकदम काहीच न हुंगता तोंड उघडे टाकून सरळ चालू लागला, तर तो शहाणा झालेला नसतो. त्याचे नाक आता शरीर थंड करण्याच्या कामाला जुंपले गेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हुंगणे ही त्याच्या दृष्टीने फेरीतली मुख्य गोष्ट आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, २० कोटींच्या पुढे. आत घेतलेल्या हवेचा साधारण आठवा भाग त्याच्या नाकाच्या मागच्या, फक्त वासासाठी असलेल्या कप्प्यात जातो. सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे फेकला जातो, म्हणजे समोरचा ताजा वास विस्कटत नाही. रात्री इथून मोर गेला की मुंगूस, कालचा तो तांबडा कुत्रा आज आला होता का, हे सगळे त्याला एका झुडपाशी कळते. फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन संशोधक स्त्रियांनी २०१९ मध्ये घरगुती कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे ज्यांना वासाने शोधण्याचा खेळ दिला, ते कुत्रे नंतरच्या चाचणीत अनोळखी गोष्टीकडे जास्त आशेने गेले. ज्यांना नुसते शिस्तीत शेजारून चालवले त्यांच्यात असा बदल दिसला नाही. तेव्हा दहा हजार पावलांचा हिशेब पुरा करायचा असेल तर तो कुत्र्याला घरी सोडून केलेला बरा. कुत्र्यासोबतची फेरी थांबत थांबतच होते.

पावसाळा सरला की टेकडीवर दुसरेच संकट उभे राहते, आणि ते दिसायला फार सुंदर असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतारावरचे गवत सोनेरी होऊन वाऱ्यावर हलू लागते. त्यात कुसळी गवत भरपूर असते. पायजम्याला, मोज्यांना अडकणारी कुसळे सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांची रचना फार थोड्यांनी नीट पाहिलेली असते. दाण्याचे टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले ताठ केस, आणि वर दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी. हवा दमट झाली की ही शेपटी उलगडते, कोरडी झाली की पुन्हा पिळते. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन एवढ्या भांडवलावर दाणा गिरमिटासारखा फिरत जमिनीत शिरतो. मागे वळलेल्या केसांमुळे तो पुढेच जाऊ शकतो, मागे नाही.

जमिनीऐवजी कुत्र्याच्या बोटांमधली मऊ, ओलसर कातडी मिळाली तरी कुसळ तेच करते. कानात गेले तर पडद्यापर्यंत पोचते, नाकात गेले तर कुत्रा अचानक शिंकांवर शिंका देतो, कधी रक्तही येते. पंजात शिरलेले कुसळ कातडीखालून सरकत वर जाते आणि आठ-दहा दिवसांनी भलतीकडेच गळू धरते. कुत्रा एकच पंजा सारखा चाटतो आहे, डोके एका बाजूला कलते करून झटकतो आहे, एवढी खूण पुरेशी असते. वर दिसणारे कुसळ चिमट्याने सरळ ओढावे. आत गेलेले घरी कोरत बसू नये. त्या दोन महिन्यांत मळलेल्या पायवाटेवरून चालणे आणि बोटांमधले केस कापून ठेवणे हा साधा उपाय. पट्टा आखूड असावा हे ओघाने आलेच. गवतात नाक घालणाऱ्या कुत्र्याची गाठ घोणसाशीही पडू शकते.

आता पाणी. खाणीतले तळे सकाळच्या उन्हात छान दिसते आणि तापलेला कुत्रा त्याकडे धावतो. त्याला आत जाऊ द्यावे का? खाणीच्या बाबतीत पहिले उत्तर भूगोलाचे आहे. दगड काढून झालेल्या खाणीला नदीकाठासारखा उतार नसतो, दोन पावलांत खोली वाढते आणि उभ्या कडेवरून वर यायला पंजाला आधार मिळत नाही. त्याला काढायला मागून उतरलेला मालकही अडकतो. पवईच्या तलावात तर मगरी आहेत, आणि ठाण्याच्या उपवन तलावामागचे येऊर हे बिबट्याचे रान आहे. शहरातले तळे म्हणजे बागेतला हौद नव्हे.

दुसरे उत्तर पाण्यात काय आहे यावर ठरते. साचलेले, कोमट, खत मिसळलेले पाणी नीलहरित शैवालाला फार आवडते. नाव शैवाल असले तरी हे जिवाणू आहेत. उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत ते झपाट्याने वाढतात, तरंगून वर येतात आणि वाऱ्याने एका काठाला गोळा होतात. हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसते ती हीच. त्यांतल्या काही जाती विषे तयार करतात: काही यकृताची नासाडी करतात, काही मज्जातंतूंवर काम करून थोड्या मिनिटांत थरथर, झटके आणि श्वास बंद पडण्यापर्यंत मजल नेतात. यावर नेमका उतारा नाही. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात दर उन्हाळ्यात अशा तळ्यांत खेळून आलेले कुत्रे मरतात. कुत्र्यांचेच जास्त मरण होते याला कारण आहे. माणूस सायीचे पाणी पीत नाही. कुत्रा तर पितोच, शिवाय घरी येईपर्यंत अंगावरची साय चाटून पोटात घालतो. प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते, पण विषारी कोणते हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. कुत्रा अशा पाण्यात गेलाच तर त्याला चाटू न देता तिथेच स्वच्छ पाण्याने धुवावे. उलटी किंवा झोकांड्या दिसल्या तर वाट पाहू नये.

पाषाण तलावावरच्या जलपर्णीची चर्चा पुण्यात दरवर्षी होते. जलपर्णी डोळ्यांत भरते, म्हणून ओरड होते. तिला वाढवणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस या शैवालालाही वाढवतात, त्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. हे खत मुख्यतः सांडपाण्यातून येते, पण सगळेच नाही. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या जंगलांत कुत्र्यांच्या फेऱ्या मोजून २०२२ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला. कुत्र्यांची लघवी आणि विष्ठा यांतून दर हेक्टरी वर्षाला ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जात होते. विष्ठा उचलली तर फॉस्फरस जवळपास सगळा टळतो, असेही त्यात दिसले. खाणीभोवतीच्या उतारावर जे पडते ते पहिल्या मोठ्या पावसात खाणीतच उतरते. टेकडीवर ‘जंगलच तर आहे’ म्हणून पिशवी न वापरणारे लोक पुढच्या उन्हाळ्यातल्या शैवालाचीच सोय करत असतात.

पावसाळ्यात शैवालाहून जवळचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर-घुशींच्या लघवीतले हे जिवाणू डबक्यांत, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात आणि कातडीवरच्या खरचटलेल्या जागेतून, नाका-डोळ्यांतून आत जातात. कोकणात आणि मुंबईत माणसांनाही हा आजार दर पावसाळ्यात होतो. कुत्र्यासाठी वर्षाला घ्यायची लस आहे. ती सगळ्या प्रकारांना पुरत नाही, तरी चुकवू नये. ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा आला आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा डबक्यात लोळला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरच्यांना लागण होऊ शकते, म्हणून साफसफाई हातमोजे घालून.

पट्ट्याबद्दल टेकडीवर नेहमी हुज्जत होते. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य ऐकले नाही असा टेकडीकर विरळा. तो खरेच काही करत नसेल. पण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते आणि कुत्रा जवळ आला की ओरडत उठते. ती उठली की अंडी उन्हात उघडी पडतात. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्या वाटांवरून कुत्रे फिरवले तिथे त्या वेळी पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. ते कुत्रे पट्ट्याला बांधलेले होते, हे विशेष. भटक्या कुत्र्यांच्या टोळीशी गाठ पडली तरी मोकळा कुत्रा आवरत नाही. चावा माणसाला बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. आपल्या कुत्र्याला लस टोचलेली असली तरी त्यालाही दाखवून आणावे.

घरी आल्यावर पाण्याचे भांडे लगेच काठोकाठ भरून ठेवण्याऐवजी थोडे थोडे द्यावे आणि धाप बसल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, खायला घालावे. मग गोचीड आणि कुसळे शोधायची. गोचिडी कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत आणि बोटांमध्ये बसतात. त्यांच्यातून येणाऱ्या तापाने कुत्र्याच्या रक्तातल्या प्लेटलेट्स घटतात. चिमटा कातडीलगत धरून गोचीड सरळ ओढावी, पिळू नये, रॉकेल किंवा तेल लावू नये. सगळी तपासणी पाच मिनिटांची असते. बहुतेक कुत्रे कानाला हात लावू देतात आणि पंजा मात्र ओढून घेतात, तेव्हा सुरुवात कानांपासून करावी.